पाषाणातील पोकळी

(गुरुजी स्मृती व्याख्यानाचे शब्दरूप)



गुरुजींच्या नावाने सुरू असलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा मनःपूर्वक ऋणी आहे. ऋणी हा शब्द केवळ उपचार म्हणून वापरीत नाही. या शाळेचे आणि गुरुजींचे एक जुने देणे माझ्याकडे अनेक वर्षे थकले आहे. ते आज, उशिरा का होईना, फेडता यावे म्हणूनच मी हा विषय निवडला. विषय आहे, ज्वालामुखीच्या खडकातील गुहा. देणे कोणते, ते ओघात येईलच.

बुऱ्हाणपूरहून खांडव्याकडे निघालेली गाडी असीरगड रोड मागे टाकून चांदनीला येते, तेव्हा खिडकीतून दिसणारा सातपुड्याचा पायथा आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांत साठलेला आहे. पावसाळ्यात हिरवा, वैशाखात करपलेला, पण आतून सदैव काळा. गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. वर्गात नकाशा टांगण्याऐवजी ते आम्हांला नाल्यात नेत. नाल्याच्या काठावरचा काळा दगड दाखवून म्हणत, "मुलांनो, हा एके काळी वाहत होता." आम्हांला वाटे, दगड पुरात वाहून आला असेल. ते हसून सांगत, "पाण्याने नव्हे रे, तो स्वतःच वाहत होता."

त्या एका वाक्याने माझे आयुष्य ठरविले. पुढे मी भूशास्त्र शिकलो आणि महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात ते शिकविले.

गुरुजी म्हणत ते अक्षरशः खरे होते. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारताची भूमी ठिकठिकाणी दुभंगली आणि तिच्यातून तप्त लाव्हारस बाहेर पडला. शंकूसारखा एखादा डोंगर फुटून अग्निवर्षाव व्हावा, असे त्याचे स्वरूप प्रामुख्याने नव्हते. लांबच लांब भेगांतून रस उसळत राहिला आणि सखल भूमीवर पसरत गेला. एक थर निवाला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. मध्ये विश्रांतीचा काळ लाभला, तर वरच्या पृष्ठभागाची माती झाली आणि पुढच्या थराखाली ती भाजून निघाली. डोंगरउतारावर काळ्या खडकांच्या मधून जाणारे तांबडे पट्टे आपण पाहतो, त्यांतील कित्येकांचा उगम हाच. आज या खडकाने सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या या डोंगरांमुळेच त्यास 'ट्रॅप' हे नाव मिळाले. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ पायरी असाच आहे.

आता प्रश्न असा की, जो रस वाहत असतानाच निवत जातो, तो इतका दूर पोहोचतो तरी कसा? वितळलेला बेसॉल्ट साधारण अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस तापमानाला बाहेर पडतो. उघड्या हवेत त्यावर तत्काळ साय धरते. तापविलेल्या दुधावर धरावी तशी, परंतु ही साय दगडाची. वरून ती घट्ट होते आणि तिच्याखालचा रस मात्र झाकला गेल्यामुळे ऊब धरून पुढे सरकत राहतो. दगड हा उष्णतेचा दुर्वाहक आहे. अशा झाकलेल्या वाटेने वाहणारा रस एक किलोमीटर अंतरात जेमतेम एक अंश किंवा त्याहूनही कमी उष्णता गमावतो, असे हवाई बेटांवरील मोजणीत आढळले आहे. ही झाकलेली वाट म्हणजेच लाव्हारसाची नळी. मागून येणारा पुरवठा आटला आणि जमिनीस पुरेसा उतार असला, तर आतला रस पुढे निघून जातो आणि मागे उरते ती लांबट, कमानदार पोकळी. हीच लाव्हागुहा.

जगात अशा गुहा पुष्कळ आहेत. हवाई बेटांतील काझुमुरा ही गुहा पासष्ट किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि तिच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचा उतार अकराशे मीटर भरतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात उंडारा येथे सुमारे एक लक्ष नव्वद हजार वर्षांपूर्वीच्या नळ्या आहेत. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील अशाच नळ्यांना २००७ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. इतकेच नव्हे, तर २००९ साली जपानच्या 'कागुया' यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत चंद्रावर एक खोल विवर आढळले. ते एखाद्या नळीच्या छताला पडलेले भगदाड असावे, असा तर्क मांडला गेला. २०२४ साली जुन्या रडार नोंदींच्या फेरतपासणीतून चंद्रावरील दुसऱ्या एका विवराच्या तळापासून आत जाणारी पोकळी असल्याचे प्रसिद्ध झाले. मानव उद्या चंद्रावर राहावयास गेला, तर त्याचे पहिले घर कदाचित अशाच गुहेत असेल.

हे ऐकल्यावर आपल्या मनात साहजिकच येईल की, पाच लक्ष चौरस किलोमीटरांच्या आपल्या या काळ्या पाषाणात अशा गुहा शेकड्यांनी असल्या पाहिजेत. चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्याही मनात नेमके हेच आले होते. आणि तेथेच माझी चूक झाली.

त्या वेळी मी नुकताच अध्यापक झालो होतो. सुटीत गावी आलो असता सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यात फिरताना मला एक पोकळी दिसली. तोंड रुंद, आत बारा-तेरा पावले जाता येईल इतकी खोल, वर काळ्या दगडाचे सपाट छत. गुराख्यांत अशी समजूत होती की ते भुयार थेट असीरगडावर निघते. आपल्याकडे भुयाराची कथा नसलेला किल्ला बहुधा नसावा. मी त्या समजुतीस हसलो आणि तिच्या जागी माझी स्वतःची, अधिक सुशिक्षित समजूत बसविली. ही लाव्हागुहा आहे, असे मी मनाशी ठरविले. शाळेच्या त्या वर्षीच्या स्मरणिकेत मी तसा लेख लिहिला. परदेशांतील गुहांची वर्णने दिली, अंतर्भागाचे शास्त्र सांगितले आणि शेवटी अभिमानाने नोंदविले की, असे दुर्मिळ निसर्गनवल आपल्या चांदनीच्या परिसरात आहे. लेखाचे कौतुक झाले. त्या हिवाळ्यात शाळेची सहल तेथे गेली. मुले छताखाली बसून डबा खाल्ली. मीच त्यांना सांगितले होते की, नळीचे छत कमानीसारखे असते, ते लाखो वर्षे टिकते, भय बाळगण्याचे कारण नाही.

काही दिवसांनी गुरुजींचे पोस्टकार्ड आले. ते मी आजही जपून ठेवले आहे. आशीर्वाद आणि खुशाली विचारून झाल्यावर त्यांनी लिहिले होते की, लेख दोनदा वाचला, भाषा चांगली आहे. मग तीन प्रश्न. खऱ्या नळीच्या भिंतींवर रसाची पातळी उतरत गेल्याच्या आडव्या रेषा असतात, असे तूच लिहिले आहेस. आपल्या गुहेत त्या कोणत्या भिंतीवर दिसल्या? छताला वितळलेल्या दगडाचे गोठलेले थेंब असतात, असेही तू म्हणतोस. ते किती दिसले? आणि तिसरा प्रश्न, छत कशावर उभे आहे?

माझ्या मनाला ते लागले, हे कबूल करतो. आपल्या गुरुजींनी, ज्यांनी भूशास्त्राची पदवी घेतलेली नाही, त्यांनी आपल्याला तपासावे, हा अहंकाराचा काटा होता. मी उत्तर पाठविले नाही. आज लिहू, उद्या लिहू, असे करता करता पावसाळा आला. आणि पावसाळा सरल्यावर गावाहून निरोप आला की, त्या गुहेच्या तोंडाशी असलेली छताची मोठी शिळा कोसळली आहे. मुले ज्या जागी डबा खाण्यासाठी बसली होती, नेमकी तीच जागा. रात्रीची वेळ असल्याने तेथे कोणी नव्हते. नुसते शेण आणि गुरांच्या खुरांचे ठसे शिळेच्या कडेला दिसत होते.

मी तातडीने आलो आणि या वेळी डोळे उघडून पाहिले. भिंतींवर प्रवाहाच्या रेषा नव्हत्या. छताला एकही थेंब नव्हता. पोकळीच्या मागील भिंतीत हातभर जाडीचा, नखाने उकरला जावा असा तांबडा, भुसभुशीत थर होता. वर कठीण खडक, खाली कठीण खडक, आणि मध्ये हा मऊ पट्टा. नाल्याच्या पाण्याने आणि ओलाव्याने वर्षानुवर्षे तो पोखरला होता. थोडक्यात, ती जागा आतून वाहून गेलेल्या रसाने घडविली नव्हती, बाहेरून आलेल्या पाण्याने कोरली होती. नळीची कमान स्वतःचा भार स्वतः वाहते. येथे मात्र आधार खचलेली एक सपाट शिळा अधांतरी लोंबत होती आणि तिचा आधार दर पावसाळ्यात थोडा थोडा वाहून जात होता. गुरुजींच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे होते. छत कशावरही उभे नव्हते.

मी तसाच गुरुजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी सारे सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "आधी पाहावे, मग मोजावे. नाव सर्वांत शेवटी ठेवावे. नाव चुकले की पुढचा माणूस पाहण्याचे सोडून देतो." मग थोडे थांबून म्हणाले, "स्मरणिकेत दुरुस्ती दे." मी होय म्हटले. परंतु पुढच्या वर्षी स्मरणिका निघाली नाही. त्यानंतर माझी बदली, संसार, व्याप. गुरुजी गेले. दुरुस्ती राहून गेली. मधल्या काळात कोणी जुनी स्मरणिका चाळून मला त्या 'लाव्हागुहे'विषयी विचारी, तेव्हा मी विषय बदलत असे. आज या व्यासपीठावरून, आणि या पुस्तिकेत छापली जावी या विनंतीसह, मी ती दुरुस्ती देतो. ती लाव्हागुहा नाही. तो पाण्याने पोखरलेला कपारीचा आडोसा आहे, आणि त्याखाली कोणीही बसू नये.

मग खऱ्या लाव्हागुहा आपल्या खडकात आहेतच की नाहीत? या प्रश्नाने मला पुढे अनेक वर्षे सोबत केली. आहेत, परंतु फार थोड्या. पुण्याजवळील घोरावडेश्वराच्या डोंगरातील ज्वालामुखीजन्य गुहांविषयी शास्त्रीय लेखन प्रसिद्ध झाले. या डोंगरात बौद्ध भिक्षूंनी कोरलेली लेणीही आहेत. निसर्गाने घडविलेली पोकळी आणि माणसाने कोरलेली पोकळी एकाच डोंगरात नांदावी, हा योग मला मोठा सुंदर वाटतो. पुढे २००४ साली दौंडजवळच्या उंचसखल लाव्हाप्रवाहात नळ्यांची व्यवस्था असावी, असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या लेखाच्या शीर्षकातच 'संभाव्य' असा शब्द आहे. तो वाचताना मला गुरुजींची आठवण झाली. मी स्मरणिकेतील लेखात तो एक शब्द घातला असता, तर मुले छताखाली बसण्यापूर्वी कोणी तरी वर पाहिले असते. पश्चिम भारतातील नळ्यांच्या व्याप्तीविषयी अभ्यासकांत वादही झडले आहेत. वाद झडणे हे शास्त्राच्या प्रकृतीचे लक्षण आहे.

अशा गुहा आपल्याकडे विरळ का, याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. पहिले कारण, आपले बहुतेक प्रवाह सपाट भूमीवर पसरले. नळी रिकामी होण्यास उतार हवा. तो नसेल तर रस आतच थिजतो आणि नळी भरीव राहते. दुसरे, एका थरावर पुढे कित्येक थर चढले आणि त्यांच्या भाराखाली किंवा त्यांच्याच रसाने पोकळ्या बुजल्या. तिसरे, काळ. उंडाराच्या नळ्यांहून आपला पाषाण सुमारे साडेतीनशे पट जुना आहे. एवढ्या काळात पाणी झिरपते, खनिजे साचतात, पोकळी भरते. नाल्यात आपण वेचतो त्या पांढऱ्या गारगोट्या म्हणजे अशाच, पण अगदी लहान पोकळ्यांच्या भरणीतून जन्मलेल्या. रसातील वायूचे बुडबुडे गोठले आणि पुढे त्यांत स्फटिक वाढले. गुरुजींनी आमच्या तळहातावर ठेवलेली गारगोटी ही, म्हटले तर, मुठीत मावणारी एक भरलेली गुहाच होती.

खरी, मोठी, रिकामी नळी मी पाहिली ती जेजू बेटावर, मांजांगगुल येथे. साडेसात किलोमीटरांच्या आसपास लांबीच्या त्या गुहेचा एक किलोमीटर भाग मी गेलो तेव्हा प्रवाशांना खुला होता. आत शिरताच मी प्रथम भिंतीकडे पाहिले. रसाची पातळी उतरत गेल्याच्या रेषा एकाखाली एक, समांतर, दूरवर गेलेल्या होत्या. पूर ओसरल्यावर तापीच्या घाटावर पाण्याच्या खुणा उरतात, तशा. त्या वाटेच्या शेवटी छतातून ओघळून गोठलेल्या रसाचा सुमारे साडेसात मीटर उंचीचा स्तंभ उभा आहे. मी त्यापुढे बराच वेळ उभा होतो. दोन प्रश्नांची उत्तरे समोर होती. ती पोस्टकार्डावर लिहून पाठवावयाची, तर पत्ता उरला नव्हता.

आता विद्यार्थिमित्रांनो, मी आपल्याला पुन्हा आपल्या जिल्ह्यात आणतो. लाव्हारसाची रिकामी नळी येथे मला सापडली नाही. परंतु या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात माणसाने स्वतः रचलेली एक नळी आहे आणि ती आपल्यापासून काही मैलांवर आहे. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात, तो आपण सर्वांनी पाहिलेला किंवा निदान ऐकलेला आहे. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या कारकीर्दीत, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने त्याची योजना केली, असे सांगितले जाते. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पावसाचे पाणी भेगांतून आणि पायथ्याच्या दगडगोट्यांच्या भरणीतून मुरते आणि तापीच्या दिशेने जमिनीखालून सरकत जाते. त्या पाण्याची वाट ओळखून, ते शहराकडे वळविण्यासाठी जमिनीच्या पोटात सुमारे चार किलोमीटर लांबीचा बोगदा खणण्यात आला आणि त्यावर थोड्या थोड्या अंतराने शंभरावर कुंड्या उभ्या करण्यात आल्या. ना पंप, ना रहाट. केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात पोहोचे.

मी तेथे सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो तेव्हा पायांना थंड पाणी लागले आणि एक साम्य ध्यानी आले. लाव्हारसाला दूर जायचे होते, म्हणून त्याने स्वतःवर छप्पर घेतले. तसे न करता तो उष्णता गमावून थिजला असता. पाण्याला दूर न्यायचे होते, म्हणून माणसाने त्याला छप्पर दिले. उघड्यावर निमाडच्या उन्हाने ते आटले असते. दोन्ही वाटा एकच धडा देतात. जे जपून न्यायचे, ते झाकून न्यावे लागते.

मात्र हा भंडारा आज निश्चिंत नाही. पाण्यासोबत आलेला चुना भिंतींवर थर धरतो आणि झरे बुजवितो. निसर्ग लहान पोकळीची गारगोटी करतो, तीच ही प्रक्रिया. आणि भोवतालच्या जमिनीतून आपण विंधनविहिरींनी जेवढे उपसतो, तेवढे पुन्हा मुरत नाही. केळीचे हिरवे मळे आपल्या जिल्ह्याचे वैभव आहे, मीही त्याच मळ्यांच्या जिवावर शिकलेल्या घरातला आहे. म्हणून दोष कोणावर ढकलीत नाही. एवढेच म्हणतो की, मार्च २०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. येथेही शब्द 'संभाव्य' आहे. संभाव्याचे निश्चित होण्यास पाहणे आणि मोजणे लागते, आणि ते काम परगावचा कोणी येऊन करणार नाही.

म्हणून शाळेपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. गुरुजींच्या नावाने एक नोंदवही सुरू करावी. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, गावातील ठराविक दहा विहिरींची पाण्याची पातळी दोरीने मोजावी आणि तारखेसह लिहावी. खर्च एका दोरीचा आणि एका वहीचा. नाल्यांतील कपारींचीही नोंद करावी. बाहेरून पाहूनच. तोंड किती रुंद, छताखाली कोणता थर, तो मऊ की कठीण. आणि नावाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा. तो काही वर्षे रिकामा राहिला तरी चालेल. दहा वर्षांनी त्या वहीत जे असेल, ते माझ्या संपूर्ण स्मरणिका-लेखाहून मोलाचे असेल.

मी सोबत ते पोस्टकार्ड आणले आहे. माझ्या पश्चात ते कोणाच्या तरी कागदांत हरवून जाईल. ते आज मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो. नोंदवहीच्या पहिल्या पानावर ते चिकटवावे, अशी प्रार्थना आहे. त्यावर शेवटी एक ओळ आहे, उत्तराची वाट पाहतो. ते उत्तर देण्यास मला चाळीस वर्षे लागली. आपण इतका वेळ लावू नये.